जुन्या प्रीमियर पद्मिनीसाठी नवा वायरिंग हार्नेस : आखणी, बांधणी आणि तपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐंशीच्या दशकातील प्रीमियर पद्मिनी. पत्राकाम आणि रंगकाम नुकतेच पूर्ण झाले आहे, इंजिन बांधून तयार आहे. मूळ वायरिंग मात्र कडक झालेले, जागोजागी चिकटपट्टीचे जोड दिलेले आणि डॅशबोर्डमागे एका ठिकाणी वितळलेले आहे. मालकाला हॅलोजन हेडलाइट, अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटरसाठी विजेवर चालणारा पंखा, म्युझिक सिस्टिम आणि मोबाइल चार्जिंगची सोय हवी आहे. बाजारातील तयार वायरिंग घ्यावे की हार्नेस, म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा, स्वतः बांधावा आणि बांधायचा तर कसा, असे त्यांनी विचारले आहे.

गाडी मूळ स्वरूपात ठेवायची असती तर तयार संच घ्या, असेच मी सांगितले असते, कारण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. पण तयार संच मूळ गाडीच्या विजेच्या गरजेनुसार बनवलेला असतो आणि त्यात पंख्याला, जास्त वॅटच्या दिव्यांना किंवा म्युझिक सिस्टिमला जागाच नसते. मग प्रत्येक नव्या गोष्टीसाठी कुठली तरी चालू वायर सोलून तिला दुसरी गुंडाळली जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत नव्या वायरिंगची अवस्था जुन्यासारखी होते. तुमच्या यादीकडे पाहता हार्नेस नव्याने बांधणेच योग्य ठरेल. ते करताना एक सूत्र शेवटपर्यंत धरून ठेवावे : वायर मधल्यामध्ये क्वचितच बिघडते, बिघाड जवळजवळ नेहमी जोडात होतो. म्हणून जोड कमीत कमी असावेत आणि जे असतील ते हात पोहोचेल अशा ठिकाणी असावेत. पुढची सगळी आखणी याच हिशेबाने करायची आहे.

वायर विकत घेण्याआधी कागदावर भाराची यादी करावी. बारा व्होल्टच्या हिशेबाने ६० वॅटचे दोन हाय बीम म्हणजे १० अँपिअर. पार्किंग, टेल आणि नंबरप्लेटचे दिवे मिळून अडीच. २१ वॅटचे दोन ब्रेक लाइट साडेतीन. इंडिकेटर तेवढेच, पण चारही एकदम लुकलुकणार असतील तर सात. वायपर तीन ते पाच, काच कोरडी असेल तर त्याहून जास्त. इग्निशन कॉइल तीन-चार. हॉर्नची जोडी आठ-दहा. आणि रेडिएटरचा पंखा दहा ते पंधरा, सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. रात्री पावसात घाट चढताना यांतले काय काय एकाच वेळी चालू असेल याची बेरीज केली, तर आकडा तीस अँपिअरच्या वर जातो. त्यामुळे ४५ अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) पुरेसा आहे, फार मोठा नाही. शिवाय इंजिन मंद फिरत असताना तो यापेक्षा बराच कमी प्रवाह देतो, हे म्युझिक सिस्टिमसाठी अँप्लिफायर निवडताना लक्षात ठेवावे.

यादीतील प्रत्येक ओळीसमोर वायरची जाडी लिहायची. ही जाडी ठरवताना दोन गोष्टी पाहायच्या असतात. एक म्हणजे वायर तापणार नाही ना, आणि दुसरी म्हणजे वाटेत व्होल्टेज किती गळेल. छोट्या गाडीत बहुतेक वेळा दुसरी गोष्टच निर्णायक ठरते. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या एक मीटर वायरचा रोध साधारण ०.०१७५ ओम असतो. लांबीने गुणायचे, जाडीने भागायचे, मग प्रवाहाने गुणायचे, की गळणारे व्होल्टेज मिळते.

हेडलाइटचे उदाहरण घेऊ, कारण जुन्या गाड्यांचे दिवे ‘पिवळे’ पडतात त्याचे कारण इथेच सापडते. जुन्या पद्धतीत हेडलाइटचा पूर्ण प्रवाह बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत येतो, इग्निशन स्विच, लाइट स्विच आणि डिपर यांतून फिरतो आणि पुन्हा पुढे दिव्यांपर्यंत जातो. ही वाट सहज पाच मीटरची होते. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून १० अँपिअर नेले तर केवळ वायरीतच ०.५८ व्होल्ट जातात. जुन्या स्विचचे काळवंडलेले संपर्कबिंदू आणि गंजलेले अर्थिंग मिळून तेवढीच भर घालतात. म्हणजे एकूण तूट १.२ व्होल्टच्या आसपास, साधारण दहा टक्के. फिलॅमेंटच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे, त्याहून कितीतरी वेगाने घटतो. दहा टक्के व्होल्टेज गेले की जवळजवळ तीस टक्के प्रकाश जातो. मूळच्या ४५/४० वॅटच्या बल्बच्या जागी ६०/५५ वॅटचा बल्ब लावून ही तूट भरून निघत नाही. उलट प्रवाह वाढल्याने तूट वाढते आणि लाइट स्विच वितळतो. तुमच्या डॅशबोर्डमागे वितळलेली वायर बहुधा याच वाटेवरची असावी.

त्यावर उपाय म्हणजे दिव्यांजवळ दोन रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, एक हाय बीमसाठी आणि एक लो बीमसाठी. बॅटरीपासून रिलेपर्यंत एक मीटर अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि तिथून प्रत्येक दिव्यापर्यंत दीड मीटर दीड चौरस मिलिमीटरची वायर धरली, तर एकूण गळती ०.१६ व्होल्टवर येते. डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून आता फक्त रिलेच्या कॉइलचा प्रवाह जाईल आणि तो सुमारे ०.१५ अँपिअर असतो. मूळ स्विच सांभाळण्याचाही हाच उत्तम मार्ग आहे. या गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून दीर्घकाळ चालल्यामुळे स्विच, होल्डर, फ्लॅशर यांसारखे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या बाजारात चौकशी केल्यास मिळू शकतात. पण शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा यापुढे हा माल कमीच होत जाणार. चांगल्या अवस्थेतला स्विच दिसला तर एक जास्तीचा घेऊन ठेवावा.

रिलेच्या पिनांवर क्रमांक असतात, त्यामुळे जोडणी सोपी आहे : ३० वर बॅटरीचा प्रवाह, ८७ वरून दिव्याकडे, ८५ आणि ८६ यांच्यामध्ये कॉइल. कॉइल बंद होताना उलटा झटका देते, म्हणून आत डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घ्यावा. डायोडचा असेल तर ८५-८६ ची दिशा उलटसुलट चालत नाही, हे मात्र पाळावे. पंख्याच्या रिलेची कॉइल इग्निशनवर घ्यावी आणि रेडिएटरमधला थर्मोस्विच तिच्या अर्थच्या बाजूला ठेवावा.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, दिव्याला किंवा मोटारीला नव्हे. तो किती अँपिअरचा असावा हे वायरच्या जाडीवरून ठरते आणि त्याची जागा प्रवाह जिथून निघतो तिथे, म्हणजे बॅटरीच्या जवळ असते. ०.७५ चौरस मिलिमीटरला ७.५ अँपिअर, एकला १०, दीडला १५, अडीचला २० किंवा २५ हे प्रमाण व्यवहारात चांगले चालते. सतत चालणारा भार फ्यूजच्या पाऊणपटीच्या आत असावा. त्या काळच्या अनेक गाड्यांत चार्जिंग आणि इग्निशनच्या वाटेवर फ्यूजच नसे. नव्या हार्नेसमध्ये बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात पट्टीचा ६० अँपिअरचा मुख्य फ्यूज असलाच पाहिजे. फक्त सेल्फची (स्टार्टर मोटारची) जाड केबल त्याच्या आधी निघते. अल्टरनेटरच्या मुख्य वायरला वेगळा फ्यूज द्यावा आणि ती वायर १० चौरस मिलिमीटरची घ्यावी. डाव्या आणि उजव्या हेडलाइटला वेगवेगळे फ्यूज हवेत, म्हणजे आंबोलीच्या धुक्यात एक होल्डर शॉर्ट झाला तरी दुसरा दिवा चालू राहील. चिनीमातीच्या कांडीचे जुने फ्यूज दिसायला मला आवडतात, पण त्यांची पकड स्प्रिंगच्या दाबावर अवलंबून असते आणि दमट हवेत ती बिघडते. पात्यांचा आधुनिक फ्यूजबॉक्स आत लपवून बसवावा. जुना बॉक्स शोभेसाठी ठेवायचा असेल तर ठेवावा, मात्र त्यातून प्रवाह नेऊ नये.

आता वायर. घरगुती वायरिंगची गुंडाळी वापरू नये. तिचे आवरण जाड असते, तारा जाड आणि कमी असतात, आणि इंजिनाची उष्णता, पेट्रोल, तेल यांच्यासाठी ती बनवलेलीच नसते. वाहनांसाठीच्या केबलला भारतात आयएस २४६५ आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ ६७२२ (आता त्याच्या जागी आयएसओ १९६४२) ही मानके आहेत. गुंडाळीवर त्यांपैकी काही छापले आहे का ते पाहावे. बॉनेटखाली क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनचे, १२५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारे आवरण घ्यावे, गाडीच्या आत पातळ पीव्हीसी चालते. स्वस्त वायरीत वरून तांबे आणि आत ॲल्युमिनियम असते, तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो आणि क्रिम्प (वायरीवर टर्मिनल दाबून केलेला जोड) काही काळाने सैल होतो. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडावी. आत पांढरी दिसली तर गुंडाळी परत करावी. शंका राहिली तर एकच तार लायटरच्या ज्योतीवर धरावी : तांबे लाल होऊन टिकते, ॲल्युमिनियम वितळून गोळा होते. मोटारस्पोर्टमध्ये वापरतात ती टेफझेलची वायर कितीही मोहक वाटली तरी कार्ब्युरेटरच्या पद्मिनीत तिचा खर्च सत्कारणी लागत नाही.

रंगांबाबत एकच नियम, जो ठरवाल तो लिहून ठेवा. माझ्या कामात कायम चालू प्रवाहाला लाल, इग्निशननंतरच्या प्रवाहाला पिवळा आणि अर्थला तपकिरी रंग असतो. आपल्याकडे अनेक मिस्त्री काळी वायर म्हणजे अर्थ असे धरून चालतात, म्हणून प्रवाहाच्या वायरीला काळा रंग मी मुद्दाम टाळतो. हवे तितके रंग मिळत नाहीत, तेव्हा दोन्ही टोकांना क्रमांक लिहिलेली पट्टी लावून तिच्यावर पारदर्शक श्रिंक स्लीव्ह चढवावी.

अल्टरनेटर बसवताना जुना रेग्युलेटर-कटआउट (चार्जिंगवर नियंत्रण ठेवणारा डबा) काढून टाकावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. चार्जिंगच्या लाल दिव्याची गोष्ट मात्र अनेकांना माहीत नसते. हा दिवा केवळ सूचना देण्यासाठी नाही. इंजिन सुरू होताना अल्टरनेटरच्या फील्डला पहिला प्रवाह याच बल्बमधून मिळतो. हौसेने तिथे एलईडी लावला की पुरेसा प्रवाह जात नाही, आणि ॲक्सिलरेटर दाबून रेस केल्याशिवाय चार्जिंगच सुरू होत नाही. मग अल्टरनेटर खराब निघाला अशी समजूत होऊन तो बदलला जातो आणि नवाही तसाच वागतो. तिथे दोन-तीन वॅटचा साधा बल्बच ठेवावा. एलईडीचाच हट्ट असेल तर त्याला समांतर साधारण ५० ओमचा, पाच वॅटचा रेझिस्टर जोडावा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनबाबतही असाच एक बारकावा आहे : कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोध) असेल, तर इग्निशनच्या मॉड्यूलचा प्रवाह त्या रेझिस्टरच्या आधीच्या बाजूने घ्यावा, नंतरच्या बाजूने नव्हे.

मापे घेण्यासाठी टेप फारशी उपयोगी पडत नाही. गाडीत सुतळी अंथरावी. फ्यूजबॉक्सची जागा नक्की करून तिथून पुढच्या दिव्यांपर्यंत, इंजिनाकडे, डॅशबोर्डमागे आणि दाराच्या उंबऱ्यालगत डिकीपर्यंत सुतळी प्रत्यक्ष त्याच वळणांनी न्यायची, जिथे फाटा फुटतो तिथे गाठ मारायची आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधायची. मग ती संपूर्ण सुतळी काढून प्लायवूडच्या मोठ्या फळीवर पसरायची, तिच्याखाली पेन्सिलने रेषा मारायच्या आणि वळणांवर व फाट्यांवर खिळे ठोकायचे. हार्नेस त्या खिळ्यांमध्ये वाढतो. प्रत्येक टोकाला दहा-पंधरा सेंटिमीटर जास्तीची लांबी ठेवावी, म्हणजे पुढे कधी कनेक्टर बदलावा लागला तर वायर अपुरी पडणार नाही. इंजिन माउंटिंगवर हलते, त्यामुळे बॉडीवरून इंजिनाकडे जाणाऱ्या फाट्याला थोडा झोलही द्यावा.

फ्यूजबॉक्सकडची टर्मिनल फळीवरच क्रिम्प करावीत, पण बॉनेट आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून पलीकडे जाणाऱ्या टोकांवर कनेक्टर मात्र हार्नेस गाडीत ओढल्यानंतरच चढवावेत. आधी चढवले तर ते छिद्रातून जात नाहीत आणि मग ताज्या रंगाच्या पत्र्यावर कानस चालवण्याची वेळ येते. त्या छिद्रात रबरी ग्रोमेट अनिवार्य आहे. पत्र्याच्या कडेवर घासणारी वायर आवरण कापून घेणारच.

क्रिम्प की डाग (सोल्डरिंग), हा वाद जुना आहे. माझा कौल स्पष्टपणे क्रिम्पच्या बाजूने आहे. डाग देताना शिसे-कथिल तारांमधून आत चढते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि कंपनाने वायर बरोबर त्या ताठ भागाच्या शेवटी तुटते. आवरण शाबूत राहत असल्याने तो तुटलेला भाग बाहेरून दिसतही नाही. क्रिम्पसाठी दातेरी रॅचेटची पकड घ्यावी, जी पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही. साध्या पकडीने चेपलेले टर्मिनल हे क्रिम्प नव्हे. उघड्या टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात : पुढची जोडी तांब्याला धरते, मागची आवरणाला. नीट झालेल्या क्रिम्पमध्ये पुढच्या पंखांच्या पलीकडे तारांची टोके अर्धा-एक मिलिमीटर डोकावतात, दोन जोड्यांच्या मधल्या फटीत तांबेही दिसते आणि आवरणाची कडही दिसते, आणि एकही तार पंखाबाहेर राहिलेली नसते. पहिले काही क्रिम्प भंगार वायरीवर करून जोर लावून ओढून पाहावेत. टर्मिनल हातात येत असेल तर डाय (पकडीतला साचा) चुकीची आहे. बॉनेटखाली रबरी सील असलेले कनेक्टर वापरावेत. सुपरसील मालिकेचे कनेक्टर प्रत्येक पिनला १४ अँपिअरपर्यंत चालतात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात त्यांची चौकशी करता येईल. त्यांना त्यांचीच डाय लागते.

गुंडाळण्यासाठी चकचकीत पीव्हीसीची चिकटपट्टी वापरू नये. उन्हाळ्यात तिचा चिकट थर पाघळतो आणि सगळा हार्नेस मळकट, चिकट होतो. वाहनांसाठीची कापडी टेप घ्यावी, फाट्यांवर घट्ट आणि मधल्या सरळ लांबीवर अंतर सोडून गुंडाळावी, म्हणजे हार्नेस लवचिक राहतो. इंजिनाजवळ तिच्यावर नालीदार पाइप चढवावा. उंदरांवर खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर बॉनेट वरचेवर उघडून पाहणे एवढेच मी सांगेन.

अर्थिंगकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि तुमच्या गाडीला तर ताजा रंग आहे. रंग हा उत्तम इन्सुलेटर असतो; पूर्वी जिथे जिथे दिवा नुसत्या स्क्रूने बॉडीशी जोडलेला होता, तिथे आता तो जोड भरवशाचा राहिलेला नाही. म्हणून दिव्याच्या होल्डरवर विसंबून न राहता प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थची वायर द्यावी. पुढे एक, डॅशबोर्डमागे एक आणि डिकीत एक असे अर्थचे ठरावीक बोल्ट असावेत. त्या बोल्टखालचा रंग नाण्याएवढ्या गोलात खरवडावा, दातेरी वॉशर घालून लग (वायरीच्या टोकाचे कडीसारखे टर्मिनल) कसावा आणि कसून झाल्यावर वरून मेण किंवा पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या जाड पट्ट्या नव्या घ्याव्यात. इंजिनाची पट्टी जोडायची राहून गेली तर सेल्फ मारताना शंभरहून अधिक अँपिअरला परतीची दुसरी वाट शोधावी लागते, आणि ती बहुतेकदा चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल असते. सेल्फ मंद फिरतो आहे आणि चोकची केबल हाताला गरम लागते आहे, असे दिसले तर आधी ही पट्टी पाहावी.

पाण्यासाठी एवढे पाळावे : कनेक्टरचे तोंड वर येऊ देऊ नये आणि वायर कनेक्टरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक वळण द्यावे, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या वळणावरून टपकून जाते.

बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत तपासावी आणि कागदावर खूण करावी. मग सगळे फ्यूज काढून, सगळे स्विच बंद ठेवून, बॅटरीचे ऋण टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब लावावा. हा बल्ब पावणेदोन अँपिअरहून जास्त प्रवाह जाऊच देत नाही, त्यामुळे कुठे शॉर्ट असला तरी धूर निघण्याऐवजी बल्ब लख्ख पेटतो. तो विझलेला असेल तर एकेक फ्यूज बसवत जावे आणि प्रत्येक फ्यूजनंतर बल्बकडे पाहावे. कोणत्या फ्यूजवर तो पेटला हे कळले की शोध त्या एका वाटेपुरता उरतो. हे सगळे व्यवस्थित झाल्यावरच बल्ब काढून केबल थेट जोडावी. सेल्फ मारण्याचा प्रयत्न बल्ब मध्ये असताना करू नये.

गाडी सुरू झाल्यावर हेडलाइट लावून दोन मापे घ्यावीत : बॅटरीच्या धन टोकापासून दिव्याच्या धन टोकापर्यंत, आणि दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. दोन्ही ठिकाणी ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत आकडा हवा. तो अर्थच्या बाजूला जास्त आला तर बोल्टखाली रंग राहिला आहे असे समजावे. सगळे बंद असताना बॅटरीतून निघणारा प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या खाली असावा.

फ्यूजबॉक्सवर १५ किंवा २० अँपिअरच्या दोन जागा रिकाम्या सोडून त्यांच्या वायरी डॅशबोर्डमागे टर्मिनल लावून, टोपी घालून आणून ठेवाव्यात, आणि म्युझिक सिस्टिम बसवणारा आला की त्याच्या हातातली पकड वायर सोलायला उघडण्याआधी त्याला त्या दाखवाव्यात.